दर तीन महिन्यांनी

मधुवंतीच्या दंडावरचा पट्टा घुर्र करून फुगायला लागला, तसा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस ताडकन उभा राहिला.

"सिस्टर! अहो, यांच्या हाताला काहीतरी होतंय…"

"काही होत नाहीये. बसा तुम्ही," मधुवंती म्हणाली. "बीपीचं यंत्र आहे. दर अर्ध्या तासानं फुगतं. उद्या सकाळपर्यंत."

"झोपेत पण?"

"झोपेत पण."

"वाट लागली मग." तो ओशाळून खाली बसला. पट्टा सुस्कारा सोडून सैल झाला. मधुवंतीनं मांडीवरची छोटी वही उघडली, घड्याळात बघून वेळ लिहिली आणि थांबली. प्रत्येक वेळी आपण काय करत होतो, तेही लिहायचं होतं.

"काय लिहिणार?" त्यानं तिरक्या नजरेनं वहीत डोकावत विचारलं.

"बाकावर बसले होते."

"एवढंच? शेजारचा माणूस उगाच ओरडला, ते पण लिहा ना. नाहीतर डॉक्टर म्हणतील, बाईंचं बीपी एकदम चढलं कसं!"

ती हसली. आपण हसलो हे तिच्या जरा उशिरानंच लक्षात आलं… आणि मग तिनं घाईनं वही मिटली.

मुलुंड पूर्वेच्या एका सूतिकागृहाचा तो दुसरा मजला. खाली बाळंतपणं व्हायची. वर संशोधन चालायचं. गरोदरपणात कुणाचा रक्तदाब वाढतो, आणि त्या बायकांचं, त्यांच्या मुलांचं पुढे काय होतं, याचा अभ्यास. दर तीन महिन्यांनी यायचं, रक्त द्यायचं, लघवी द्यायची, दंडाला हा पट्टा बांधून घरी जायचं. समुपदेशक माधुरीताईंनी पहिल्याच फोनवर मधुवंतीला स्पष्ट सांगितलं होतं, "तुम्हाला यातून काही मिळणार नाही हं. मिळालंच तर पुढच्या बायकांना." गेल्या दोन वर्षांत तिच्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. तिनं संमतीपत्रकावर सही केली होती.

दोन वर्षांपूर्वी, आठव्या महिन्यात, मधुवंतीचं बाळ पोटातच गेलं होतं. मुलगा होता. ती स्वतः चार दिवस शुद्धीवर नव्हती. सहा महिन्यांनी तिचा नवरा श्रेयसही तिच्या आयुष्यातून गेला. भांडण न करता, बॅग भरून. तेव्हापासून ती आईकडे राहत होती आणि पश्चिमेला, पाच रस्त्याजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत होती.

त्या बाकावर बसलेल्यांनी एकमेकांना 'तुम्ही इथे कशा?' असं विचारायचं नाही, हा न सांगितलेला नियम होता. पण त्या माणसानं आपणहून समोरच्या उघड्या दाराकडे बोट दाखवलं. "ती माझी मुलगी. गंधाली. पावणेदोन वर्षांची. सातव्या महिन्यातच झाली. तेराशे ग्रॅम." मग किंचित थांबून, "तिची आई… श्वेता… तिसऱ्या दिवशी गेली."

अशा वेळी लोक जे जे बोलतात, ते सगळं मधुवंतीनं ऐकून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य बोलण्यासारखं नव्हतं.

आतल्या खोलीत सतरंजीवर एक किडकिडीत पोरगी बसली होती. शेजारी तिचे आजोबा, गुणाजी. माधुरीताई तिच्यापुढे लाकडी ठोकळे ठेवत होत्या. एकावर एक रचायचे होते. पोरीनं लाल ठोकळा उचलला, अगदी नाकाला लावला, तिथंच धरून ठेवला. माधुरीताईंनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"चालत नाही अजून," तो हलक्या आवाजात म्हणाला. "बोलत पण नाही फारसं. मंद असेल, असं म्हणतात लोक."

मधुवंती मात्र पुढे झुकून बघत होती. पोरीनं निळा ठोकळा उचलला. पुन्हा नाकाशी. मग आजोबांनी हाक मारली, तर मान वळली ती आवाजाकडे… पण नजर आजोबांच्या खांद्यावरून पलीकडेच गेली.

"तुमच्या मुलीचे डोळे कधी तपासले होते?"

"पेटीत होती तेव्हा. ठीक आहेत म्हणाले. पुन्हा एकदा दाखवा म्हणालेले…" त्यानं आतल्या पोरीकडे बघितलं. "तेव्हा मला वारसुद्धा कळत नव्हता, ताई."

"ती मंद नाही," मधुवंती म्हणाली. "तिला दिसत नाहीये नीट."

त्याचं नाव नितेश परब. लिफ्टचा मेकॅनिक होता. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांतून त्याची धावपळ चालायची. मधुवंतीनं दिलेल्या चिठ्ठीवरून तो दुसऱ्याच दिवशी गंधालीला लहान मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन गेला. नंबर निघाला उणे सहा.

आठ दिवसांनी तिघं दुकानात आली. मधुवंतीनं इवलासा, मऊ फ्रेमचा चष्मा गंधालीच्या डोळ्यांवर ठेवला, मागून इलॅस्टिकचा पट्टा बसवला. पोरगी हात झाडत होती, ती एकदम थांबली. भिंतीवरच्या चष्म्यांकडे बघितलं. ट्यूबलाइटकडे बघितलं. मग आजोबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली… बघतच राहिली. एक बोट पुढे करून तिनं त्यांच्या पांढऱ्या मिशीला हात लावला.

"माका बगता गो बाय!" गुणाजींचा आवाज चिरकला. "नात माका बगता!"

नितेश पाठ वळवून शोकेसमधल्या गॉगल्सकडे बघत होता. बराच वेळ. त्याचे खांदे हलत होते. मधुवंतीनं चष्म्याची रिकामी डबी त्याच्या हातात ठेवली, तेव्हा तिची बोटं क्षणभर त्याच्या तळहातावर राहिली. खरखरीत, ग्रीसचा वास असलेला हात. कितीही धुतला तरी न जाणारा तो वास तिला दुकान बंद करेपर्यंत येत होता.

त्यानंतर गंधालीच्या चष्म्याचा पट्टा वारंवार सैल व्हायला लागला.

"इतका खराब पट्टा मी आजवर विकला नाही," तिसऱ्या खेपेला मधुवंती म्हणाली.

"पट्टा झकास आहे हो. दुरुस्त करणारी जरा बरी आहे, म्हणून येतो."

"जरा?"

"बरीच."

ती मान खाली घालून स्क्रू आवळत राहिली. स्क्रू केव्हाच आवळून झाला होता.

जानेवारीत पुन्हा तपासणीची तारीख आली आणि दोघांनी ती एकाच दिवशी मागून घेतली. नितेशनं डब्यातून मालवणी खाजं आणलं होतं. ती उपाशीपोटी रक्त देऊन बाहेर आली, तसा त्यानं डबा पुढे केला. तिच्या दंडावरचा पट्टा फुगला की गंधाली त्यावर चापट्या मारायची. रविवारी संध्याकाळी तिघं देशमुख उद्यानात जाऊ लागली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी गंधाली बापाचं बोट सोडून निघाली – एक, दोन, पाच पावलं – आणि धपकन मधुवंतीच्या मांडीवर येऊन पडली. चष्मा वाकडा, तोंडभर हसू. मधुवंतीनं तिला छातीशी धरलं. दुधाचा, पावडरचा, घामाचा वास. तिनं पोरीला लवकर सोडलं नाही.

नितेश समोर उकिडवा बसला.

"मधू… तुला एक सांगायचंय."

तिला वाटलं, आता तो ते बोलणार.

"आधी हे सांगितलं नाही, तर पुढचं मला बोलता येणार नाही." तो गवताच्या काड्या उपटत होता. "श्वेता पण या अभ्यासात होती. पाचव्या महिन्यात आपणहून नाव नोंदवून आली. तेव्हा बीपी नॉर्मल होतं. माधुरीताईंनी एक कागद दिलेला. डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तोंडावर सूज आली, तर लगेच या. तिनं तो फ्रिजवर लावला. मी रोज त्या फ्रिजमधून दूध काढायचो, मधू. एकदा पण वाचला नाही." त्याचा आवाज बसला. "त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, डोकं खूप दुखतंय. मला विक्रोळीला लिफ्ट बंद पडल्याचा फोन आलेला. मी गोळी दिली. म्हटलं, झोप जरा, बरं वाटेल. दुपारी बाबांचा फोन आला… तोपर्यंत तिला झटके सुरू झालेले."

झोप जरा. बरं वाटेल. हेच शब्द. श्रेयसनंही मोबाइलवरची नजर न काढता नेमकं हेच म्हटलं होतं.

"का सांगितलंस मला?"

"लपवून कसा राहू?"

"तुम्ही सगळे सारखेच," ती उठली. गंधालीला तिनं त्याच्या हातात दिलं, जरा घाईनंच. पोरगी तिच्या ओढणीला धरून होती. ती मूठ तिनं सोडवली. "एक फोन करायचा होता रे. एक फोन."

"माहीत आहे," तो म्हणाला.

त्यानं तिला थांबवलं नाही. ती फाटकापर्यंत ताठ चालत गेली आणि मग रस्ता दिसेनासा झाला.

एप्रिलची तारीख तिनं बदलून घेतली. नितेशचे फोन आले नाहीत. एकदा फक्त गंधालीचा फोटो आला. तीन ठोकळे एकावर एक. मधुवंती त्या फोटोकडे बघत राहायची आणि उत्तर द्यायची नाही. राग फक्त त्याच्यावर नव्हता, हे तिला आतून ठाऊक होतं. पण ते पुढचं दार ती उघडायला तयार नव्हती.

नव्या तारखेला रक्त काढून झाल्यावर माधुरीताईंनी विचारलं, "रविवारी सकाळी घाटकोपरला येशील? डोंगरावरच्या वस्तीत अभ्यासाचा नवा गट सुरू करतोय. सही करायच्या आधी बायकांना नुसते माझे कागद नकोत, कुणीतरी भोगलेलं माणूस हवं. बोलायचं नसेल तर नुसती बस."

रविवारी ती पायऱ्या चढून बालवाडीच्या पत्र्याच्या खोलीत पोचली. वीसेक गरोदर बायका, दाराशी त्यांचे अवघडलेले नवरे. आणि भिंतीला टेकून नितेश. माधुरीताईंनी दोघांनाही बोलावलं होतं आणि दोघांनाही सांगितलं नव्हतं.

नितेश उठला, तेव्हा त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं. तो थबकला. तरी बोलायचं ते बोललाच.

"मी मेकॅनिक आहे. लिफ्ट बंद पडली की मी दहा मिनिटांत पोचतो. माझ्या बायकोचं डोकं दुखत होतं, तेव्हा मी तिला गोळी देऊन लिफ्ट दुरुस्त करायला गेलो. ती मेली." त्यानं माधुरीताईंनी वाटलेला कागद वर धरला. "हा कागद माझ्या घरी होता. मी वाचला नव्हता. तुम्ही अभ्यासात नाव द्या, नका देऊ, तुमची मर्जी. मधूनच सोडलं तरी कुणी काही बोलणार नाही. पण भावांनो, हा कागद वाचा. बायका वाचतात. आपण वाचत नाही."

तो खाली बसला. कुणाकडेही न बघता. तो माफी मागत नव्हता, रडत नव्हता. फक्त आपली चूक अनोळखी माणसांसमोर ठेवून बसला होता, दुसऱ्या कुणाची ती होऊ नये म्हणून. श्रेयसनं हे कधी केलं नव्हतं. आणि… तिनं तरी कुठे केलं होतं?

मधुवंती कधी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"मी डोळे तपासते," ती म्हणाली. "तेच माझं काम. आठव्या महिन्यात माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मी दुकानातल्या यंत्रावर स्वतःचे डोळे तपासून घेतले. नंबर तोच होता. म्हटलं, दमले असेन. आणखी चार गिऱ्हाइकं केली." तिनं दाराशी उभ्या नवऱ्यांकडे बघितलं. "नवऱ्यानं झोप म्हटलं, हे मी सगळ्यांना सांगते. हे मात्र आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं."

नितेशनं मान वर केली. दोघांची नजर भेटली, आणि या वेळी तिनं ती वळवली नाही.

मागच्या रांगेतून एक बारीक आवाज आला. "काजवे म्हणजे… कसे हो ताई?"

कोवळी, एकवीस-बावीसची पोर. जानकी. चेहरा सुजलेला. दोन दिवस डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे चांदण्या नाचत होत्या. सासूला वाटलं उन्हामुळे. माधुरीताईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे बहात्तर, एकशे चौदा. त्यांचा चेहरा बदलला.

त्या पायऱ्यांवर रिक्षा येत नव्हती. नितेशनं प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, जानकीला बसवलं. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं तिचा नवरा चंद्रप्रकाश. दोनशे पायऱ्या, भर ऊन. मधुवंती पुढे वाट मोकळी करत, मागे वळून म्हणत होती, "जानकी, माझ्याकडे बघ. डोळे मिटू नकोस." रिक्षा, मग मोठं सरकारी रुग्णालय. दुपारी ऑपरेशन झालं. जानकी वाचली. मुलगा झाला, नऊशे ग्रॅमचा. पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुवंती वॉर्डात गेली, तेव्हा बाळ गेलं होतं. पहाटेच.

जानकी भिंतीकडे तोंड करून पडली होती. शेजारच्या खाटेवरचं बाळ रडत होतं आणि जानकीच्या झग्यावर छातीशी ओले डाग पडले होते. मधुवंतीनं आपली ओढणी काढून तिच्या अंगावर पांघरली.

"दाखवलं तुला?"

जानकीनं मान हलवली. "नाक यांच्यासारखं होतं."

"बरं झालं बघितलंस. मी नाही बघितलं माझं."

मधुवंती खाटेच्या कडेला बसली. मग जानकी वळली. "ताई, माझंच चुकलं ना? दोन दिवस अंगावर काढलं मी."

"नाही."

"पण मी कुणाला सांगितलं असतं तर…"

"तुला माहीत नव्हतं गं. नाही चुकलं तुझं काही." मधुवंतीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "ऐकतेस ना? काही चुकलं नाही." हे तिनं तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा ती नक्की कुणाला सांगत होती, ते तिचं तिला कळलं.

बाहेर पायरीवर नितेश बसला होता. कालचाच शर्ट, हातात चहाचे दोन कप, दोन्ही गार झालेले. ती शेजारी बसली.

"मधू, त्या दिवशी बागेत मी…"

"थांब. मला बोलू दे. तुला माफ करणारी मी कोण? ते श्वेताचं काम होतं. ती नाहीये. पण आत त्या मुलीला मी आत्ता सांगून आले की तिचं काही चुकलं नाही. तिला एक आणि तुला एक, असं नाही रे मला जमणार." तिनं डोळे पुसले. "स्वतःला तरी कुठवर वेगळं सांगत राहू?"

तिनं त्याच्या हातातले दोन्ही कप काढून घेऊन खाली ठेवले.

"एक आधीच सांगते. मला पुन्हा मूल होऊ द्यायचं नाही. डॉक्टर धोका आहे म्हणतात, आणि माझ्यात धीरही नाही."

"मी विचारलं का?"

"विचारशील म्हणून."

"मी वेगळं विचारणार होतो."

"काय?"

"सकाळपासून काही खाल्लंस का?"

ती हसली, आणि हसता हसता पुन्हा रडली. "आणि त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतरचं तुला माहीत आहे ना."

"माहीत असलं तरी ऐकायचंय."

नितेशनं तिच्याकडे बघितलं. "माझ्या घरी येशील? कायमची? आई हवी म्हणून नाही विचारत. गंधालीला आजोबा आहेत, मी आहे, तिचं होईल. मला… मला तू हवीस."

"हो," मधुवंती म्हणाली. पटकन, हलकेच. जोरात म्हणण्यासारखी ती जागा नव्हती.

मागं दार वाजलं. चंद्रप्रकाश बाहेर आला होता. हातांत पांढऱ्या कापडातलं गाठोडं. इतकं लहान की एका हातावर मावलं असतं, पण त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं होतं. बोटांत कसलासा कागद चुरगळला होता.

"दादा," तो म्हणाला, "लहान मुलांना पुरतात म्हणाले. कुठे जायचं… मला माहीत नाही."

नितेश उठला. त्यानं कागद घेतला, वाचला. सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. "मी येतो."

"मी पण," मधुवंती म्हणाली.

ऊन चढायला लागलं होतं. तिनं आवारातल्या चाफ्याची पडलेली दोन फुलं वेचून त्या कापडावर ठेवली. मग नितेशनं मागं हात केला, तिनं तो धरला, आणि दोघंही चंद्रप्रकाशच्या पावलाला पाऊल मिळवत, हळूहळू फाटकाबाहेर पडली.